सम्राट अशोक आणि सत्तेचे शील



आपल्यापैकी बऱ्याच घरांत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या तसबिरींशेजारी सम्राट अशोकाचीही तसबीर असते. डोक्याला मुकुट, पायाशी टाकून दिलेली तलवार, मागे रणांगण. ही तसबीर चित्रकाराच्या कल्पनेतली आहे. अशोकाच्या हयातीतले त्याचे चित्र किंवा पुतळा आजवर मिळालेला नाही. पंढरपूरवरून वाहणारी आपली भीमा नदी पुढे कर्नाटकात जाते. तिच्या काठी सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे एका पडलेल्या स्तूपाच्या शिळा उकरून काढल्या, त्यांत एका शिळेवर राजाची मूर्ती आहे आणि तिच्यावर ब्राह्मी लिपीत अशोक राजाचे नाव कोरलेले आहे. शेजारी राणी आहे, मागे छत्र-चवऱ्या धरलेल्या दासी आहेत. ही मूर्तीसुद्धा तो गेल्यानंतर काही शतकांनी घडवलेली आहे.

मग अशोकाला ओळखायचे कशावरून? त्याने स्वतः खडकांवर आणि स्तंभांवर जे कोरून ठेवले त्यावरून. आज मी तुम्हांला त्याचे चरित्र सांगणार आहे ते मुख्यतः त्या लेखांच्या आधाराने.

पण आधी एक गोष्ट सांगतो. मी शिक्षक आहे. वर्गात कलिंगाचे युद्ध शिकवीत होतो. अशोकाला पश्चात्ताप झाला, त्याने युद्ध सोडले, धम्म स्वीकारला, असे नेहमीप्रमाणे सांगून झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले की, गुरुजी, मग त्याने कलिंग त्या लोकांना परत दिले का? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते. मला ते ठाऊक होते, पण सांगताना माझी जीभ जड झाली. उत्तर असे आहे की, नाही, परत दिले नाही.

त्या मुलाचा प्रश्न मनातून जाईना म्हणून मी अशोकाचे लेख पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

अशोक हा मौर्य घराण्यातला तिसरा राजा. आजोबा चंद्रगुप्त, वडील बिंदुसार, राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास त्याला राज्याभिषेक झाला. सिंहलद्वीपातल्या जुन्या ग्रंथांत असे लिहिले आहे की, गादीसाठी त्याने आपल्या नव्याण्णव भावांना मारले. उत्तरेकडच्या कथांत त्याने माणसांचा छळ करण्यासाठी एक नरकासारखे कारागृह बांधल्याचे वर्णन येते. या कथांवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवू नये. राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी कोरलेल्या एका लेखात अशोक आपल्या भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख करतो. सगळे भाऊ मारले असते तर ही घरे कोठून आली? धम्म घेण्यापूर्वीचा अशोक जितका काळा रंगवावा तितका नंतरचा अशोक उजळ दिसतो, म्हणून कथाकारांनी हे केले असावे असे मला वाटते. वारशाचा झगडा झाला असेल, रक्तही सांडले असेल. पण त्याचे खरे मोठे पाप कथेत शोधावे लागत नाही. ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा त्याने कलिंगावर, म्हणजे आजच्या ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या देशावर, स्वारी केली. तेराव्या शिलालेखात तो आकडे देतो. दीड लाख माणसे बंदी करून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट माणसे नंतर मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत, जिंकणाऱ्या राजाने लिहिले आहेत. तुम्ही जगाचा इतिहास वाचा. राजे आपल्या विजयाचे स्तंभ उभारतात, कितीजणांना मारले ते फुशारकीने सांगतात. अशोकानेही मेलेल्यांची संख्या दिली, पण ती आपल्या दुःखाचे कारण म्हणून. तो आणखी पुढे जातो. जे मेले त्यांचेच नव्हे, तर जे वाचले पण ज्यांचे सोबती, नातेवाईक आणि ओळखीचे संकटात पडले, त्यांच्या दुःखाचाही तो हिशेब मांडतो. लढाईचा हिशेब असा मांडणारा राजा त्याच्या आधीचा मला तरी माहीत नाही.

आता त्याच्या धम्मस्वीकाराविषयी. आपल्याला वाटते की, रणांगण पाहिले आणि एका रात्रीत माणूस बदलला. त्याचे स्वतःचे लेख तसे सांगत नाहीत. लहान शिलालेखांत तो कबूल करतो की, उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, पण पहिले वर्षभर आपण फारसे प्रयत्न केले नाहीत. पुढे संघाच्या निकट गेल्यावर वर्षभर नेटाने प्रयत्न केले. बंधूंनो, हे वाचून मला फार धीर आला. दीक्षा घेतली, पंचशील म्हटले आणि घरी येऊन पुन्हा पूर्वीचेच चालू राहिले, असे आपल्यात किती घरांत होते! सम्राटाच्या घरीही तेच झाले होते. फरक एवढाच की, त्याने ते झाकले नाही. ही कबुली दगडावर कोरून राज्यात जागोजागी लावली.

याच लेखात तो सांगतो की, प्रयत्नाचे फळ मोठ्या माणसालाच मिळते असे नाही, लहान माणसालाही मिळते. आणि दहाव्या शिलालेखात उलट बाजूने सांगतो की, पापापासून मुक्त राहणे लहानाला कठीण आहे, पण मोठ्याला त्याहून कठीण आहे. सत्ता असलेल्या माणसाला शील पाळणे अधिक अवघड जाते, हे सत्ताधाऱ्यानेच सांगितले. आजूबाजूचे सगळे हो-हो म्हणणारे, चूक दाखवणारा कुणी नाही, आणि राग आला की हाताखाली शिपाई तयार. अशा जागी बसलेल्या माणसाचे शील किती दिवस टिकणार?

अशोकाने याचा काय उपाय केला ते पाहा. पहिला उपाय स्वतःच्या घरापासून. त्याच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज असंख्य प्राणी मारले जात. लेख कोरला त्या वेळी ती संख्या तीनवर आली होती, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. हे तीनही पुढे मारले जाणार नाहीत, असे त्याने जाहीर केले. पाहा, तो सगळे बंद केले असे खोटे सांगत नाही. अजून तीन राहिले आहेत हे सांगतो. शिकारीच्या सहली बंद केल्या आणि राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी तो संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला. तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत तो श्रमण-ब्राह्मणांना भेटे, वृद्धांना मदत करी, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोले.

दुसरा उपाय वेळेचा. प्रजेच्या कामाची वर्दी आपल्याला केव्हाही द्यावी, जेवत असलो, अंतःपुरात असलो, उद्यानात असलो तरी द्यावी, अशी त्याने आज्ञा केली. ज्याने एखाद्या कचेरीच्या व्हरांड्यात साहेबांची वाट पाहत दिवस घालवला आहे त्याला या आज्ञेचे मोल सांगावे लागणार नाही. मी स्वतः एका दाखल्यासाठी अशा व्हरांड्यात तीन दिवस बसलो आहे.

तिसरा उपाय अधिकाऱ्यांचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. कलिंग परत दिले नाही हे खरे. पण तेथे नेमलेल्या अधिकाऱ्यांसाठी त्याने दोन वेगळे लेख कोरवले. ते धौली आणि जौगड येथे आहेत. त्यांत तो तोसली आणि समापा येथल्या न्याय पाहणाऱ्या महामात्रांना सुनावतो की, एखाद्या माणसाला कारण नसताना कैद होते, त्याचा छळ होतो, आणि त्याच्यामुळे कितीतरी लोकांना दुःख भोगावे लागते. तुम्ही मध्यम मार्गाने न्याय द्या. आणि मग तो अन्यायाची मुळे सांगतो. मत्सर, लवकर येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. विचार करा, अन्याय हा केवळ दुष्टपणाने होतो असे तो म्हणत नाही. आळसाने होतो, घाईने होतो, थकलेल्या माणसाच्या हातून होतो. मी वर्गात मुलांना शिक्षा करतो तेव्हा या यादीतले एखादे कारण माझ्या अंगी असतेच, बहुधा शेवटचे. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा, एकटा ऐकणारा असला तरी वाचावा, अशी आज्ञा होती. म्हणजे अधिकाऱ्याने काय करू नये हे प्रजेच्या कानांवरही जात होते. शिवाय दर पाच वर्षांनी तपासणीसाठी सौम्य वृत्तीचा अधिकारी पाठविण्याची व्यवस्था होती. उज्जैन आणि तक्षशिला येथून तीन वर्षांच्या आत.

पुढे, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या चौथ्या स्तंभलेखात तो एक फार मोठी गोष्ट सांगतो. न्यायदानात समता असावी आणि दंडात समता असावी. या ओळीवर आपण थांबले पाहिजे. ज्या देशातल्या स्मृतींनी एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा लिहून ठेवली, जिभा कापण्याचे आणि कानात तापलेले शिसे ओतण्याचे दंड लिहून ठेवले, त्याच देशात एका बौद्ध राजाने दंड सर्वांना सारखा असावा असे दगडावर कोरले होते. त्याच लेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे, म्हणजे त्यांच्या नातलगांना फेरविचारासाठी विनंती करता यावी. त्या सव्वीस वर्षांत त्याने पंचवीस वेळा कैदी सोडले होते.

आता चांगले सांगितले तसे उणेही सांगितले पाहिजे. आपण बुद्धाचे अनुयायी आहोत, भाट नाही.

त्याने मृत्युदंड रद्द केला नाही. दास ठेवण्याची चाल रद्द केली नाही. दासांशी आणि नोकरांशी नीट वागा एवढेच सांगितले. ज्या लेखात कलिंगाबद्दल पश्चात्ताप आहे त्याच लेखात जंगलात राहणाऱ्या जमातींना इशारा आहे की, राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या अंगी बळ आहे, त्यांनी सुधारावे, नाहीतर मारले जातील. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट ही की, पश्चात्तापाचा तो तेरावा लेख खुद्द कलिंगात कोरलेला नाही. वायव्येला शाहबाजगढी येथे आहे, सौराष्ट्रात गिरनारला आहे. धौली आणि जौगड येथे मात्र तो गाळून त्या जागी अधिकाऱ्यांसाठीचे लेख आहेत. ज्यांची माणसे मेली त्यांना राजाचे दुःख दगडावर वाचायला मिळाले नाही. काही अभ्यासक म्हणतात की, जखम पुन्हा उघडू नये म्हणून असे केले असेल. असेल. पण राज्य हातचे जाऊ नये हाही हिशेब त्यात असावा असे माझे मत आहे.

त्या वेगळ्या लेखांत अशोक म्हणतो की, सर्व प्रजा ही आपली लेकरे आहेत. हे वाचून डोळे भरून येतात. पण भगिनींनो आणि बंधूंनो, बाप भला असेल तर लेकरांचे बरे. बाप बदलला तर? लेकराला बापाकडे मागणे करता येते, बापाला जाब विचारता येत नाही. तोसलीच्या कैद्याला अन्यायाने डांबले तर त्याची सुटका राजाच्या चांगुलपणावर आणि महामात्राच्या शीलावर अवलंबून होती. कैद्याच्या हातात काही नव्हते.

येथेच बाबासाहेबांनी केलेले काम किती वेगळे आहे ते कळते. आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात कायद्यापुढे समता आहे. बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अशोकाने जे आपल्या अधिकाऱ्यांना विनवून आणि दटावून सांगितले, ते येथे कैद्याचा हक्क म्हणून आले आहे. त्याला कुणाच्या दयेची गरज नाही. पण उलट बाजूही आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, आणि राजकारणात माणसाची भक्ती करू लागलो तर शेवट हुकूमशाहीत होईल. चोवीस तासांचा नियम पुस्तकात असतो. चौकीवर मध्यरात्री तो पाळायचा की नाही हे त्या वेळी तेथे बसलेल्या माणसाच्या मत्सर, राग, घाई आणि थकव्यावर ठरते. अशोकाची यादी तेथे आजही लागू पडते.

धम्म पसरवण्याच्या बाबतीत अशोकाची समज मला अधिक खोल वाटते. राज्याभिषेकानंतर तेरा वर्षांनी त्याने धम्ममहामात्र नेमले. ते सर्व पंथांत काम करीत, कैद्यांना मदत करीत. बाराव्या शिलालेखात तो सर्व पंथांना सांगतो की, जिभेला आवर घाला, प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नका, दुसऱ्याचे ऐका. बराबरच्या टेकडीतली लेणी त्याने आजीवकांना दिली, जे बौद्ध नव्हते. सातव्या स्तंभलेखात, आयुष्याच्या उतरणीला, तो मागे वळून पाहतो. वडाची झाडे लावली, आमराया लावल्या, आठ-आठ कोसांवर विहिरी खणल्या, हे सांगून तो म्हणतो की, लोकांत धम्म वाढला तो दोन मार्गांनी, नियमांनी आणि मन वळवण्याने. त्यांत नियमांचे काम थोडे, मन वळवण्याचे मोठे. ज्याच्या हातात सगळा दंड होता त्याने सत्तावीस वर्षे दंड चालवून हा निष्कर्ष काढला. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना याच मुद्द्यावर बोट ठेवले होते, की बुद्धाचा मार्ग बळजबरीचा नाही, माणसाचे मन बदलण्याचा आहे.

एक मात्र सांगतो, अशोकाच्या लेखांत चार आर्यसत्ये आणि निर्वाण शोधाल तर सापडणार नाहीत. स्वर्ग आणि परलोक सापडतील. तो राजा होता, नाना पंथांच्या प्रजेशी त्यांच्या ओळखीच्या शब्दांत बोलत होता. पण संघाला उद्देशून राजस्थानात बैराट येथे कोरलेला एक लेख आहे. त्यात भिक्षू, भिक्षुणी, उपासक, उपासिका यांनी वारंवार ऐकावीत अशी सात बुद्धवचने त्याने नावे देऊन सांगितली आहेत. त्यांतले एक आहे भगवंतांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश. पाण्याचे भांडे उपडे करून दाखवलेला तो उपदेश तुम्ही विहारात ऐकला असेल. साऱ्या बुद्धवचनातून निवडताना एका सम्राटाला खोट्याविषयीचा उपदेश विसरता आला नाही.

इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास अशोक वारला. त्याच्या शेवटाविषयी उत्तरेकडच्या ग्रंथांत एक कथा आहे, ती कथा म्हणूनच ऐका. म्हातारा राजा संघाला दान देत सुटला, तेव्हा अमात्यांनी युवराजाला सांगून खजिना बंद करवला. मग तो आपल्या जेवणाची सोन्याची ताटे देऊ लागला, तीही बंद झाली. चांदीची, मग मातीची. अखेर त्याच्या हातात अर्धा आवळा उरला. तोही त्याने कुक्कुटाराम विहारात पाठवला. भिक्षूंनी तो कुटून कालवणात घातला आणि सर्व संघाला वाटला.

त्याच्यानंतर पन्नासएक वर्षांत मौर्यांचे राज्य गेले. शेवटच्या राजाला, बृहद्रथाला, त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्र शुंगाने, सैन्याची पाहणी चालू असताना मारले. पुढे लिपीही विसरली गेली. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दोन स्तंभ दिल्लीला आणवले, पण त्यांवर काय लिहिले आहे हे सांगणारा कुणी मिळाला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती अक्षरे लावली, तेव्हा देवांना प्रिय असा कुणी प्रियदर्शी राजा बोलतो आहे एवढे कळले. १९१५ साली मस्कीच्या खडकावर अशोक हे नाव स्पष्ट सापडले. २२ जुलै १९४७ रोजी त्याचे चक्र राष्ट्रध्वजावर आले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी अशोक विजयादशमीला नागपुरात आपल्या लाखो लोकांनी दीक्षा घेतली. विजय हा शब्द अशोकाने शेवटी शस्त्राच्या विजयासाठी ठेवला नव्हता. धम्माने मिळवलेला विजय तोच खरा, असे त्याच तेराव्या लेखात आहे.

अशोकाचे अक्षर पाहायला ओडिशाला जाण्याची गरज नाही. आपल्या नालासोपाऱ्याला, म्हणजे जुन्या शूर्पारक बंदरात, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. जवळच भुईगावला १९५६ साली, आपल्या दीक्षेच्याच वर्षी, नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हा नववा लेख आजारपणात, लग्नात, मुलाच्या जन्मी आणि प्रवासाला निघताना लोक जे नाना विधी करतात त्यांविषयी आहे. राजा म्हणतो की, त्यांचे फळ थोडे. दास-नोकरांशी नीट वागणे हा खरा मंगल विधी. सोपाऱ्याला स्तूपाची जागा अजून आहे. सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून मुलांना घेऊन जा. ती काही विचारतील. कलिंगाविषयी विचारले तर आहे तेच सांगा.